सुभेदारांची मान

“…पण हात हलतोय, तवर चाप ओढायचा तरी कसा, बाई?”

सुभेदार सयाजी बर्गे यांनी हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला. हातात छर्र्यांचं पिस्तूल, दहा मीटरवर टार्गेटचा कागद, आणि कागदावर मधलं काळं वर्तुळ सोडून सगळीकडे भोकं.

दमयंतीबाई पागनीस कोपऱ्यात पाटावर बसून पावटे सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“हलत्या हाताने,” त्या म्हणाल्या.

आता हे काय उत्तर झालं? सुभेदारांनाही तसंच वाटलं. पण बाई वयाने मोठ्या, आणि आपण शिकायला आलेलो.

सुभेदार म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत बरं का. फौजेत अठ्ठावीस वर्षं, त्यातली वीस रायफलच्या नेमबाजीत. तीनशे मीटरवरून पाच गोळ्या मारल्या, तर पाचही आमटीच्या वाटीत मावतील अशी ख्याती. फौजेत नेमाला शिस्त म्हणतात. पलटणीत नवे जवान आले की त्यांना सांगायचे, शिस्त कशी घ्यायची ते बर्गेसाहेबांकडे बघा. निवृत्त होऊन कोरेगावला आल्यावरही साताऱ्याच्या क्लबात रोज सकाळी त्यांची रायफल वाजायची आणि लोक हातातलं काम ठेवून बघायचे.

गेल्या वर्षी स्कूटर घसरली. उजव्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली आणि सांगितलं, हात उचला, वजन घ्या, काय वाटेल ते करा, पण या खांद्याला रायफलचा दस्ता पुन्हा टेकवायचा नाही.

झालं. वीस वर्षांचं काम एका वाक्यात आटोपलं.

क्लबातल्या म्हाताऱ्यांचा एक संघ होता, सहा जणांचा. त्यांनी सुचवलं, पिस्तुलाची एक जागा रिकामी आहे, रविवारी निवड आहे, चारशेपैकी तीनशे चाळीस गुण काढा आणि या. सुभेदार मिशीत हसले. रायफलवाल्याला पिस्तूल म्हणजे हातचा मळ, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं. पहिल्याच दिवशी दोनशे साठ निघाले. दुसऱ्या दिवशी दोनशे पंचावन्न.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, वाईला पागनीसबाई आहेत, पोस्टात होत्या. त्यांच्याकडे जा.

बाई शहात्तर वर्षांच्या. एके काळी पिस्तुलात त्यांचा हात धरणारं राज्यात कुणी नव्हतं, असं म्हणतात. त्यांची पदकं कुठे आहेत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरामागे हळदीचं एक बंद पडलेलं गोदाम होतं, त्याच्या भिंती अजून पिवळ्या होत्या, आणि तिथेच त्या एकट्या सराव करायच्या. पाटी नव्हती, फी नव्हती. कुणी आलं तर आलं.

“किती वेळ धरून उभे होता?” बाईंनी आता विचारलं.

“हात थांबंपर्यंत.”

“थांबला?”

“…न्हाई.”

“मग?”

“मग थांबल्यागत वाटला, तवा झटकन ओढला.”

“हं. झटकन.”

बाईंनी एक शेंग उघडली. किडकी निघाली, ती बाजूला टाकली.

“बाई, वीस वर्षं म्या एकच काम केलं. थरथर मारायची. श्वास धरायचा, अंग दगड करायचं, आणि सगळं थांबलं की गोळी सोडायची.”

“रायफल कशाकशाला टेकते?”

“खांद्याला. गालाला. डाव्या हाताला. आडवं पडून मारलं तर जमिनीला बी.”

“आणि पिस्तूल?”

सुभेदारांनी लांब केलेल्या हाताकडे पाहिलं. हाताच्या टोकाला ते एवढंसं पिस्तूल.

“कशालाच न्हाई,” ते म्हणाले.

“मग ते हलणारच. त्याला रागावू नका. दहा मोजेपर्यंत चाप ओढून झाला नाही, तर हात खाली घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. थांबायची वाट बघू नका. थांबत नसतं ते.”

सुभेदारांना हे पटलं नाही. न थांबलेल्या हाताने चाप ओढायचा म्हणजे त्यांच्या लेखी देवाला उष्ट्या हाताने फूल वाहण्यासारखं होतं. तरी त्यांनी दुपारपर्यंत साठ छर्रे मारले. निघताना कागद मोजला. वाढ म्हणावी अशी काहीच नव्हती.

“उद्या येऊ?”

“या की. मी कुठं जाते?”

*

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद उलटा लावला. नुसती पांढरी बाजू.

“काळं कुठं गेलं?”

“पलीकडे.”

“मग मारू कशावर?”

“कशावरच नको. नळीच्या टोकावर दाणा आहे ना, माशी म्हणतात ती? तेवढीच बघा आणि चाप ओढा. सावकाश. गाईचं दूध काढताना बोटं मिटतात, तशी मिटू द्या.”

सुभेदारांनी हात लांब केला. समोर काही नाहीच, तर चुकणार काय? माशी दिसत होती, स्वच्छ, काळी. ती थोडी डावीकडे जात होती, थोडी उजवीकडे. जाऊ दे म्हणाले. बोट मिटत गेलं.

पाच छर्रे मारून ते कागदापाशी गेले आणि उभेच राहिले. पाचही भोकं एका लिंबाएवढ्या जागेत.

“बाई…”

“दिसलं मला.”

“जमलं की हो.” सुभेदारांची छाती फुगली. कितीतरी दिवसांनी फुगली. “आता सुलटा लावा. काळं दाखवा मला.”

बाईंनी कागद सुलटा केला.

पहिला छर्रा वर गेला. दुसरा खाली उजवीकडे. तिसरा कागदाला लागलाच नाही, मागच्या फळीत घुसला. सुभेदारांनी तोंडातल्या तोंडात एक फौजी शिवी दिली आणि लगेच बाईंकडे पाहून वरमले.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “पोस्टात याहून मोठ्या ऐकल्यात.”

“पर असं का? हात त्योच, पिस्तूल तेच.”

“काळं दिसलं की तुमची मान जाते.”

“जाती म्हंजे?”

“उजवीकडे. खाली. खांद्यावर काहीतरी असल्यासारखी वाकते. मग डोळा वाकडा होतो, मनगट वाकडं होतं, आणि छर्रा बिचारा जाईल तिकडे जातो.”

सुभेदारांनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला.

“तिथं काय आहे, सुभेदार?”

“काय न्हाई.”

“मग मान कुणाला शोधते?”

सुभेदारांनी पिस्तूल डब्यात ठेवलं. बाईंना नमस्कार केला आणि एसटी स्टँडवर आले. कोरेगावपर्यंत खिडकीशी बसून होते. ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड बघताना कंडक्टर म्हणाला, काय सुभेदार, आज दमलेले दिसता. सुभेदार म्हणाले, व्हय, जरा. त्या दिवशी बाईंच्या गोदामाबाहेर माणसाशी झालेलं तेवढंच बोलणं. मग घराचं कुलूप काढलं, एक भाकरी थापली, आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली.

*

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सुभेदार मोठ्या ऐटीत गोदामात शिरले. गळ्यात पट्टा. मणक्याचं दुखणं असलेले लोक घालतात ना, तो जाड, पांढरा, हनुवटीपर्यंत येणारा पट्टा.

बाईंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

“हे काय?”

“शेजारच्या गुरवमास्तरांचा. मागून आनला. आता बघू मान कुठं जाती ती.”

बाई हसल्या. आधी नुसत्या खांद्यात हसल्या, मग पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांतून पाणी आलं. सुभेदार ताठ उभे. पट्ट्यामुळे त्यांना खालीही बघता येईना, त्यामुळे सगळा अपमान त्यांना समोरच्या भिंतीकडे बघतच सोसावा लागला.

“मारा,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “मारून तरी बघा.”

सुभेदारांनी हात लांब केला. मान जागच्या जागी. वाकायची सोयच नव्हती. पहिला छर्रा खाली उजवीकडे गेला. दुसराही तिथेच. तिसरा त्याहून खाली.

“आता काय झालं?” त्यांचा आवाज चढला होता. “मान तर बांधली.”

“मान बांधली, तर कंबर वाकली. पट्टा किती ठिकाणी बांधाल?”

सुभेदारांनी पट्टा ओढून काढला. पिस्तूल मेजावर ठेवलं आणि भिंतीशी एक मोकळं पिंप होतं, त्यावर बसले. गोदामाच्या पत्र्यावर कुठेतरी कबूतर चालत होतं.

“न्हाई जमत,” ते म्हणाले. “उद्या निवड हाय, आणि मला न्हाई जमत.”

“नाही जमलं तर काय होईल?”

“काय व्हनार? क्लबात जायला निमित्त र्‍हानार न्हाई. सहा जण असत्यात तिथं. मारून झालं की चा पितो, एकमेकांची टिंगल करतो. संघात न्हाई तर मी तिथं कोण? नुसता चा प्यायला जानारा म्हातारा? दोन दिवस म्हनतील, या सुभेदार. तिसऱ्या दिवशी खुर्ची बी सरकवनार न्हाईत.”

“आणि घरी?”

“घरी कोण हाय, बाई? मूलबाळ झालं न्हाई. हौसा व्हती, माझी बायकू. तिला जाऊन दोन वर्सं झाली. मला एकटं वाटतं. सरळच सांगतो, लई एकटं वाटतं. सकाळी डोळा उघडला की पैलं तेच वाटतं.”

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“तिचं तेरावं झालं,” सुभेदार बोलतच राहिले. कुणी विचारलं नव्हतं, पण एकदा बांध फुटला की पाणी विचारून येत नाही. “पाव्हनं गेलं. दुसऱ्या दिशी मी क्लबात गेलो, आडवा पडलो, रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला. हिवाळा व्हता. लाकूड आधी गार लागतं, मग आपल्याच गालाची ऊब त्याला लागती, आणि मग… मग वाटतं दुसरंच कुनीतरी हाय. सकाळपासून दुपारपातूर तसाच पडून व्हतो. गोळी एक न्हाई सोडली. लोकांना वाटलं, बर्गे शिस्त घेतोय.”

सुभेदारांनी बाहीने तोंड पुसलं. “ती बी काढून घेतली डॉक्टरनं,” ते म्हणाले.

अशा वेळी लोक म्हणतात, होईल सगळं नीट, देवाची मर्जी, अमुक तमुक. बाईंनी त्यातलं काही म्हटलं नाही.

सुभेदारांनीच मग विचारलं, “तुमास्नी न्हाई वाटत? एकटं?”

“वाटतं की.”

“कवा?”

“रोज.”

“मग काय करता?”

“काही नाही. मग हात हलतो.”

“आनि मग?”

“मग हलत्या हाताने मारते.”

सुभेदार त्यांच्याकडे बघत राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी बाईंचे हात नीट पाहिले. पातळ, निळ्या शिरांचे, आणि मांडीवर ठेवलेले असतानाही बारीक कापणारे. हे हात राज्यात पहिले आले होते. सुभेदारांना आपल्या बोलण्याची लाज वाटली नाही, पण आपणच तेवढे एकटे आहोत असं जे वाटत होतं, त्याची थोडी वाटली.

“उठा,” बाई म्हणाल्या.

“आता कशाला?”

“उठा म्हणते ना.”

सुभेदार उठले. पिस्तूल घेतलं, छर्रा भरला, जमिनीवरच्या खुणेवर पाय ठेवले. बाईंनी पदराला हात पुसले आणि त्या त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. उंची पुरेना म्हणून चवड्यांवर उभ्या राहिल्या. मग उजवा हात वर केला आणि त्यांच्या उजव्या गालावर, जिथे दस्ता टेकायचा बरोबर त्या जागी, तळवा ठेवला.

सुभेदार थरारले.

दोन वर्षांत त्यांच्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. न्हाव्याचा सोडून. तळवा खरखरीत होता, हिरव्या शेंगांचा वास येत होता, आणि कापत होता.

“मान कुठं जातेय?” बाईंनी मागून विचारलं.

“…कुठंच न्हाई.”

“माशी बघा.”

“डोळ्यांत पानी हाय, बाई. दिसंना.”

“मग पाणी जाईपर्यंत हात खाली घ्या. पहिल्यापासून सुरू करा.”

त्यांनी हात खाली घेतला. श्वास सोडला. पुन्हा हात वर नेला. माशी दिसली, काळी, स्वच्छ. तिच्यामागे ते वर्तुळ धूसर, असल्यासारखं, नसल्यासारखं. हात हलत होता. गालावरचा हात हलत होता. सुभेदारांनी या खेपेला कुणालाच थांब म्हटलं नाही. बोट मिटत गेलं, आणि चाप कधी सुटला ते त्यांना कळलंही नाही.

“दुसरा भरा,” बाई म्हणाल्या. “मागे बघायचं नाही.”

त्यांनी दुसरा भरला. हात वर, माशी, बोट. तिसरा भरला. चौथ्याला हात फार हलला, तर खाली घेऊन पुन्हा वर नेला. पाचवा. गालाची ऊब तशीच होती आणि मान सरळ होती. ही बाई अशीच उभी राहावी आणि छर्रे संपू नयेत असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटतंय हे त्यांना कळतही होतं.

पाचवा सुटला तसं पिस्तूल खाली ठेवून ते कागदापाशी गेले. चार भोकं काळ्यात, अगदी मधोमध. पाचवं काळ्याच्या काठाला.

“बाई,” ते कागदाकडे बघतच म्हणाले, “उद्या याल का साताऱ्याला? नुसतं मागं उभं र्‍हायचं. दुसरं काय नको.”

“नाही. मी कुठे जात नाही आता.”

आवाज लांबून आला. सुभेदार वळले.

बाई पाटावर बसलेल्या होत्या. मांडीत सूप होतं, आणि सुपात बरेच दाणे पडलेले होते. शेंगांची रास पार खाली गेली होती.

सुभेदारांचा हात आपोआप गालावर गेला.

“तुम्ही… हात कवा काढला?”

“पहिल्या छर्ऱ्यालाच. पाय दुखायला लागले चवड्यांवर.”

“मग फुडचं चार…”

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग खुणेच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

“मग फुडचं चार छर्रे माझ्या गालाला काय लागत व्हतं, बाई?”

बाईंनी शेंग उघडली आणि अंगठ्याने दाणे सुपात ओढले.

“ते मला काय विचारता, सुभेदार? गाल तुमचा.”